गोडव्याचे पत्ते

भांडगावात पौषातल्या सकाळी स्वस्थ बसायचं असेल, तर महामार्गापासून थोडं आत यावं आणि उसाच्या कडेचा असा बांध शोधावा, ज्यावर अजून बोर उभी आहे. पुणे-सोलापूर रस्त्याचा आवाज इथपर्यंत येतो. येऊ द्या, त्याच्याशी झगडू नका. यवतच्या मागे भुलेश्वराचा डोंगर उन्हात उजळत असतो. बांधाला पाठ टेका. हात मोकळे ठेवा. मग बोरीखाली पडलेल्या बोरांतलं एक उचला, पण टपोरं पिवळं नको. तपकिरी पडलेलं, सुरकुतलेलं, एका अंगाने मऊ झालेलं घ्या.

खाऊ नका. नाकाशी धरा आणि सावकाश श्वास घ्या.

आधी बोराचा ओळखीचा गोड वास येतो. त्याच्यामागून थोडा आंबूस, आणि अगदी शेवटी दारूची पुसट झाक. या तिसऱ्या वासापाशी थांबा. फाटलेल्या सालीखाली कोणीतरी राहायला आलं आहे आणि फळातली साखर खातं आहे. आज त्याच्याजवळ बसायचं आहे.

यीस्ट म्हणजे एकाच पेशीची बुरशी. एक मिलिमीटरच्या रेषेवर अशा दीड-दोनशे पेशी ओळीने मावतील. तिला हात-पाय नाहीत, मुळं नाहीत, पान नाही. भरपूर खायला मिळालं की पेशीच्या अंगावर एक फुगवटा येतो, तो वाढतो, आणि दीडएक तासात लेक होऊन वेगळा होतो. आईच्या अंगावर तिथे व्रण राहतो. एक आई साधारण वीस-तीस वेळा अशी बाळंत होते आणि मग थकते. सूक्ष्मदर्शकाखाली ते व्रण मोजून तिचं वय सांगता येतं. उपासमार झाली, की काही यीस्ट वेगळीच वाट धरतात: स्वतःच्या आत चार बीजाणू तयार करतात, जाड भिंतीचे, आणि दिवस पालटण्याची वाट बघत बसतात.

हे नुसतं वाचून पुढे जाऊ नका. हातातल्या बोरावर किती बाळंतपणं चालली असतील, याचा क्षणभर विचार करा.

आता तो वास पुन्हा घ्या. ऑक्सिजन मिळत असताना बहुतेक जीव साखर पूर्ण जाळतात आणि तिच्यातून जमेल तितकी ऊर्जा काढून घेतात. पावाचं आणि दारूचं जे यीस्ट आपल्याला माहीत आहे, ते सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, तसं करत नाही. साखर मुबलक असेल तर हवा असूनही ते अल्कोहोल बनवतं आणि ऊर्जेचा मोठा वाटा तसाच सोडून देतं. वरवर हा तोटा वाटतो. पण अल्कोहोल इतर बहुतेक सूक्ष्मजीवांना सोसत नाही, त्यामुळे जागा मोकळी राहते. साखर संपली, की हेच यीस्ट साठलेलं अल्कोहोल खाऊन टाकतं.

आणि वास? अल्कोहोलबरोबर यीस्ट काही सुगंधी संयुगंही सोडतं. पिकल्या केळ्याच्या वासाचं एक त्यातलंच. २०१४ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी यीस्टमधलं एटीएफ-१ नावाचं एकच जनुक काढून टाकलं. त्या यीस्टचा फळासारखा वास बराच कमी झाला, आणि फळमाश्यांना त्याची ओढ राहिली नाही. म्हणजे तो वास हे माशीला दिलेलं बोलावणं आहे. माशी येते, बसते, चाटते, आणि तिच्या पायांवरून, पोटातून यीस्ट दुसऱ्या फळावर जातं. ज्याला स्वतःला एक बोटभरही चालता येत नाही, त्याने जगभर पसरायची ही सोय करून ठेवली आहे. दर वेळी नवा पत्ता, आणि तिथे पोचवणारं कोणीतरी. यीस्टचं आयुष्य एवढ्या दोनच गोष्टींवर चालतं.

आता नजर बोरावरून उचला आणि समोर बघा. ऊस. खडकवासल्याहून येणाऱ्या कालव्याने दौंड तालुक्याच्या या कोरड्या पट्ट्यात जे आणलं, ते हेच. इथे पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास. कालव्याआधीच्या माळाचं रूप बाभळीचं, बोरीचं, ज्वारी-बाजरीचं होतं. आज केडगाव, यवत, खुटबावकडे जाल तिथे गुऱ्हाळांचे धूर दिसतात. पाटसला भीमा सहकारी साखर कारखाना आहे. गुऱ्हाळावर उभं राहून पाहिलं असेल तर ठाऊक असेल, की चरकातून उतरलेला रस कोणी ठेवून देत नाही. तो लवकर काहिलीत जातो. रस तसाच राहिला तर काही तासांत फसफसतो, आणि आंबलेल्या रसाची ढेप नीट बसत नाही. गुळव्याला सूक्ष्मदर्शक लागत नाही, पण उसाच्या पेरावरून, पात्यावरून रसात उतरणाऱ्या जिवांचा वेग त्याला तंतोतंत माहीत असतो. त्याची सगळी घाई त्यांच्याशीच चाललेली असते.

इथे साखर किती आहे, याचा अंदाज मनात घ्या. एका एकरात टनावारी ऊस, आणि असे कितीतरी एकर. पृथ्वीवर साखरेची इतकी दाट वस्ती फार थोड्या ठिकाणी असेल. तरीही ही सगळी साखर एकाच प्रकारची, एकाच झाडाची, एकाच हंगामाची आहे. आणि तिच्यातून उरणाऱ्या मळीचं अल्कोहोल करायला डिस्टिलरीत आपण यीस्टही मुख्यतः एकाच जातीचं वापरतो. पावात तेच, बिअरमध्ये ते किंवा त्याचे संकर, वाइनमध्ये तेच. १९९६ मध्ये पेशीकेंद्रक असलेल्या सजीवांपैकी सर्वांत आधी ज्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेही हेच. त्यामुळे यीस्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच जीव येतो. हा समज बाजूला ठेवून पुढे जायचं आहे.

डोळे मिटा आणि भीमेचा प्रवाह उलटा धरा. वर चला. रांजणगाव सांडसला मुळा-मुठा येऊन मिळते, ती जागा मागे टाका. तुळापूरचा इंद्रायणीचा संगम मागे टाका. चासकमानचं धरण ओलांडा, भोरगिरीच्या बाजूने चढा. हवा गार होते, झाडं जवळजवळ येतात, पावसाचं प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं. भीमाशंकर. १९८५ मध्ये अभयारण्य झालेलं हे शेकरूचं रान. पावसाळ्यात इथली कुजकी लाकडं रात्री हिरवट उजेड देतात, तो बुरशीचा उजेड बघायला लोक पुण्या-मुंबईहून येतात. ज्या बुरशीकुळाचा तो उजेड, त्याच कुळात आपला पाहुणाही आहे. तो प्रकाशत नाही, म्हणून त्याला बघायला कोणी येत नाही.

आता या जंगलात साखर शोधा. भांडगावात ती समोर उभी होती. इथे ती लपलेली आहे. फुलाच्या तळाशी एक थेंब मध. खोडाला जखम झाली तिथून पाझरणारा रस. ज्येष्ठाच्या पावसात पडून फुटलेलं जांभूळ. पानांवर रस शोषणाऱ्या किड्यांनी टाकलेला चिकटा. फांदीच्या बेचक्यात साठलेलं, पानं कुजलेलं पाणी. आडव्या पडलेल्या ओंडक्याचा भुसा, आणि तो खाणाऱ्या भुंगेऱ्याचं आतडं. यातली कुठलीच साखर दुसरीसारखी नाही. कुठे ती इतकी दाट, की पेशीतलंच पाणी ओढून घेते. कुठे इतकी पातळ, की असून नसल्यासारखी. कुठे तिच्यासोबत झाडाने विष मिसळलेलं. कुठे ती लाकडाच्या धाग्यात अडकलेली. दर ठिकाणी पोचवणाराही निराळा: माशी, मधमाशी, मुंगी, भुंगेरा, पक्षी, वटवाघूळ.

माझ्या मते सगळं मर्म इथे आहे. शेतात गोडवा मोजायला टन लागतात. जंगलात एकूण साखर थोडी असेल, पण तिचे प्रकार हजारो आहेत, आणि यीस्टचे वंश त्या प्रकारांप्रमाणे फुटत गेले आहेत.

एकेका पत्त्यावर थोडा वेळ थांबू.

फुलातला मध. त्यात साखर वीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत असू शकते. इतक्या दाट पाकात बहुतेक पेशी सुकून मरतात. मेट्श्निकोव्हिया नावाच्या वंशातले यीस्ट मात्र त्यातच वाढतात. पहिली मधमाशी फुलावर येते तेव्हा तिच्या सोंडेबरोबर ते आत उतरतात आणि एक-दोन दिवसांत त्या थेंबात लाखोंनी होतात. फूल गळायच्या आत पुढची मधमाशी त्यांना उचलून नेते. सह्याद्रीत कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. तेव्हा उतारच्या उतार जांभळे होतात. फुलातल्या यीस्टला तेवढी वर्षं थांबून चालत नाही. कारवी नसते तेव्हा ते दुसऱ्या कोणत्यातरी फुलात असतं, कुठल्यातरी मधमाशीच्या पोटात असतं. म्हणून एका फुलझाडाचा विचार करताना आजूबाजूच्या, पुढे-मागे फुलणाऱ्या सगळ्याच झाडांचा विचार करावा लागतो.

फुलात आंबवणारं काहीतरी असतं, हे आपल्या वैद्यांनी फार पूर्वी हेरलेलं आहे. डोंगरउतारावर वाढणारी धायटी उन्हाळ्याच्या तोंडाला लाल फुलांनी भरते. आसव-अरिष्टं करताना काढ्यात गूळ घालून ही सुकी फुलं टाकायची, मडकं बंद करायचं, आणि ते आपोआप आंबू द्यायचं, ही रीत जुनी आहे. धायटीच्या फुलांवर अल्कोहोल बनवणारे यीस्ट असतात, हे अलीकडे प्रयोगशाळेत दिसलं. गोव्यात माडाच्या सुराने, म्हणजे माडीने, सांना नावाच्या इडल्या फुगतात, पूर्वी पावही त्यानेच फुगायचे, ते याच न्यायाने. फुलातून, झाडातून उतरलेला जीव आपण उसना घेत आलो आहोत.

पान. झाडाचं पान जराजराशी साखर बाहेर झिरपू देतं, एरवी तो उजाड, उन्हाने भाजणारा माळ आहे. तिथे राहणारे यीस्ट बहुधा गुलाबी, नारिंगी. गाजरातल्यासारखं रंगद्रव्य त्यांना उन्हापासून वाचवतं. त्यातलं स्पोरोबोलोमायसिस आपले बीजाणू स्वतः फेकतं: पाण्याचा एक सूक्ष्म थेंब बीजाणूला चिकटतो, एका क्षणात पसरतो, आणि त्या धक्क्याने बीजाणू उडतो. प्रयोगशाळेतल्या बशीत ते उलटं वाढू दिलं, तर झाकणावर वसाहतीची हुबेहूब छबी उमटते. वाहक नसला तर काय करायचं, याचं उत्तर या वंशाने असं काढलं.

आता ओंडका. इथे मात्र बराच वेळ बसायला हवं.

बुरशीच्या अभ्यासक मेरेडिथ ब्लॅकवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेचा आग्नेय भाग आणि पनामा इथले भुंगेरे गोळा केले. बुरशी आणि कुजकं लाकूड यांवर जगणारे. तीन वर्षांत त्यांनी भुंगेऱ्यांच्या आतड्यांतून साडेसहाशेहून अधिक यीस्ट वेगळे काढले. त्यांतल्या किमान दोनशे जाती विज्ञानाला अनोळखी होत्या. त्यांचा हा शोधनिबंध २००५ चा. दोनशे हा आकडा किती मोठा आहे, हे कळायला दुसरा एक शेजारी ठेवा: २०११ मध्ये यीस्टच्या अभ्यासकांचा प्रमाण मानला जाणारा ग्रंथ पाचव्यांदा नव्याने निघाला, तेव्हा साऱ्या जगातल्या नाव असलेल्या जाती सुमारे दीड हजार होत्या. म्हणजे मूठभर किड्यांच्या पोटातच त्या यादीच्या सातव्या हिश्शाएवढे नवे जीव होते.

ते तिथे काय करतात? लाकडात झायलोज नावाची साखर असते, पाच कार्बनची. पावाच्या यीस्टला ती आंबवता येत नाही. भुंगेऱ्याच्या आतड्यात राहणाऱ्या स्पाथास्पोरा, शेफरसोमायसिस यांसारख्या वंशांना ती येते. २०१२ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी अॅमेझॉनच्या जंगलातल्या कुजक्या लाकडांतून यीस्टचे २२४ नमुने वेगळे केले. त्यांत झायलोज आंबवणाऱ्या नव्या जाती निघाल्या.

भीमेबरोबर पुन्हा खाली या. भांडगावापासून फार लांब नसलेल्या राहूला २०१७ मध्ये प्राज इंडस्ट्रीज या कंपनीचा एक प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. वर्षाला दहा लाख लिटर क्षमतेचा, उसाचं चिपाड, पाचट, गव्हा-भाताचा पेंढा, कपाशीच्या पऱ्हाट्या अशा टाकाऊ मालापासून इथेनॉल करणारा. चिपाडाचा जवळपास चौथा हिस्सा अशा पदार्थाचा असतो, ज्यातून मुख्यतः झायलोज मिळते. ती आंबवायची कशी, या ज्या कोड्यावर आज अभियंते डोकं खपवतात, ते कुजक्या ओंडक्यातल्या भुंगेऱ्याच्या पोटात केव्हाच सुटलेलं आहे. असंच दुसरं उदाहरण लसीचं. हिपॅटायटिस-बीवरची भारतात बनलेली पहिली पुनर्संयोजित लस १९९७ मध्ये आली, ती ज्या पिकिया पास्टोरिस यीस्टमध्ये तयार झाली, तेही पहिल्यांदा फ्रान्समध्ये एका झाडाच्या चिकातून मिळालं होतं.

पण उपयोगाची ही यादी इथेच थांबवतो. उपयोग दिसला तरच जपायचं, असं ठरवलं तर ज्यांचा उपयोग अजून उमगलेला नाही ते सगळे पहिल्या फेरीत जातील. शिवाय सगळेच यीस्ट आपल्या भल्याचे नाहीत. जगभरच्या रुग्णालयांना घोर लावणारं कॅन्डिडा ऑरिस हे औषधांना दाद न देणारं यीस्ट २०२१ मध्ये भारतीय संशोधकांना अंदमानच्या खारदलदलीत आणि वाळूत आढळलं. जंगलाने आपल्यासाठी काही मांडून ठेवलेलं नाही. तिथले जीव आपापल्या पत्त्यावर आपापलं जगतात.

मलेशियाच्या वर्षावनातला एक पत्ता मात्र सांगायलाच हवा. तिथे बेर्ताम नावाचं ताडकुळातलं झाड आहे. त्याच्या फुलोऱ्यातला मध यीस्टमुळे फुलातच आंबतो, आणि त्यातलं अल्कोहोल ३.८ टक्क्यांपर्यंत जातं. पिसासारख्या शेपटीची, उंदराएवढी एक वृक्षचिचुंद्री रोज रात्री येऊन तो पिते, परागण करते, आणि झिंगल्याची कोणतीही खूण दाखवत नाही. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. या बेर्तामवर सॅकरोमायसिस सेरेव्हिसीचीही एक रानटी शाखा सापडली आहे. २०१२ मध्ये चिनी संशोधकांनी हैनान बेटाच्या उष्णकटिबंधीय आदिम जंगलात, माणसाच्या वस्तीपासून दूर, याच जातीच्या इतक्या निराळ्या शाखा पाहिल्या, की जगातल्या साऱ्या भट्ट्या आणि बेकऱ्यांमधलं वैविध्य त्यापुढे अपुरं वाटावं. आपण ज्याला घरचं समजतो, त्याचंही मोठं कुटुंब अजून रानातच आहे.

आता पुण्याकडे बघा. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात, आघारकर संशोधन संस्थेत असेच संग्रह आहेत. काचेच्या कुपीत, गोठवून किंवा सुकवून, यीस्ट वर्षानुवर्षं जिवंत राहतात. हे काम फार मोलाचं आहे, आणि ते करणाऱ्यांचं नाव सहसा कुठे येत नाही. तरी कुपीत जे जातं त्याबद्दल एक गोष्ट मनात राहू द्या. यीस्ट जातं, पण त्याची माशी जात नाही. त्याचं फूल जात नाही, ओंडका जात नाही, मागच्या वर्षीचा पाऊस जात नाही. जिवाची प्रत राहते, पत्ता राहत नाही. दोन्ही जपायचे तर संग्रहालय आणि जंगल दोन्ही लागतील, आणि त्यांतलं जंगल पुन्हा बांधता येत नाही.

डोळे उघडा. भांडगावच्या शिवारात अजून किती पत्ते शिल्लक आहेत, ते उसाच्या पलीकडे बघत मोजा. ओढ्याकाठची शिंदी. माळावरचा पळस. रस्त्याकडेचा कडुनिंब. रुई. निवडुंगाचं लाल बोंड. पोखरलेली, वाळलेली बाभूळ. उसाची एक सरी वाढावी म्हणून यांतलं काहीतरी दर वर्षी जातं. ओढा सरळ केला की शिंदी जाते. वाळलं झाड जळणाला जातं, आणि ते तर कोणाला तोटा वाटतच नाही. मला तो मोठा तोटा वाटतो. काही जुन्या देवरायांत पडलेलं लाकूडही उचलायचं नाही असा दंडक आहे. तो पाळणाऱ्यांनी भुंगेऱ्याच्या पोटातले यीस्ट कधी पाहिले नव्हते, तरी त्यांनी त्या जिवांना हक्काची जागा दिली. देवराईचा जीर्णोद्धार करताना साफसफाई म्हणून ती लाकडं बाहेर काढणाऱ्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे, की ती तिथेच राहू द्या.

आणि पुणे जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या मुला-मुलींना सांगावंसं वाटतं. यासाठी अॅमेझॉनला जायला नको. येत्या फाल्गुनात माळावरच्या पळसाचं एक फूल निर्जंतुक पिशवीत घ्या. जिवाणू वाढू नयेत म्हणून प्रतिजैविक घातलेल्या साखरेच्या द्रावणात ते दोन-तीन दिवस ठेवा, मग बशीवर पसरा. ज्या वसाहती येतील त्यांच्या रायबोसोमच्या जनुकातला सुमारे सहाशे अक्षरांचा एक ठरलेला तुकडा वाचून घ्या. आधी नोंदलेल्या सर्व जातींपेक्षा त्यात एक टक्क्याहून जास्त, म्हणजे सहाहून अधिक अक्षरांचा फरक निघाला, तर तुमच्या हातात बहुधा नवी जात असेल. फूल घेतलं त्या झाडाची जागा, तारीख आणि त्यावर बसलेला कीटक, ही तिन्ही नोंदवायला विसरू नका.